राष्ट्रीय जैवविविधता आराखडा २०३०: गावातल्या समितीला ‘नाही’ म्हणता येतं का?

सह्यकुशी (धागालेखिका)

ऑक्टोबर २०२४च्या शेवटी कोलंबियातल्या काली शहरात जैवविविधता कराराची १६वी परिषद भरली होती. तिथे भारताने आपला सुधारित राष्ट्रीय जैवविविधता आराखडा जाहीर केला. २३ उद्दिष्टं आणि मुदत २०३०ची. आपल्याकडे तेव्हा विधानसभेच्या उमेदवारी अर्जांची धामधूम होती, त्यामुळे त्यावर बोलणं राहून गेलं. ते इथे व्हावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९२च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९९४मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. या कराराचं सहावं कलम दोन गोष्टी सांगतं. पहिली, प्रत्येक देशाने राष्ट्रीय धोरण आणि कृती आराखडा करावा. दुसरी, जैवविविधतेचा विचार बाकीच्या सगळ्या खात्यांच्या योजनांत उतरवावा. पहिलं काम आपण अनेकदा केलं: १९९९, २००८, २०१४ची पुरवणी आणि आता २०२४. दुसऱ्या कामात आपण मागे आहोत. पर्यावरण मंत्रालयाने आराखडा करायचा आणि रस्ते, खाणी, ऊर्जा, उद्योग या खात्यांनी तो न वाचता आपापली कामं मंजूर करायची, असं तीस वर्षं चालू आहे.

या यादीत एक आराखडा नाही, आणि मला त्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. २००० ते २००३ या काळात देशभर एक मोठी प्रक्रिया झाली. पर्यावरण मंत्रालयाचा प्रकल्प, पैसा जागतिक पर्यावरण निधीचा, आणि तांत्रिक समन्वय पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेकडे. त्यात राज्यांचे, जिल्ह्यांचे, नदीखोऱ्यांचे आणि विषयवार असे सत्तरहून अधिक आराखडे खालून वर तयार झाले. आजच्या तेलंगणातल्या जहीराबाद भागात दलित शेतकरी बायकांनी बैलगाड्यांतून बियाण्यांची जत्रा गावोगाव नेली आणि तिथल्या चर्चेतून त्यांचा आराखडा लिहिला गेला. जनसुनावण्या, सायकल फेऱ्या, शाळांतले मेळावे, सगळं झालं. २००३च्या अखेरीस अंतिम मसुदा मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच थांबला. शेवटी २००५मध्ये संस्थेने तो स्वतः छापला. सरकारचा अधिकृत आराखडा २००८च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला, तो वेगळा आणि बराच सौम्य होता.

हजारो लोकांनी मिळून लिहिलेला कागद का थांबला? माझं मत असं की त्यात विकासाच्या दिशेवरच प्रश्न होते. प्रजाती वाचवा म्हणणारा आराखडा कुणालाही चालतो. जमीन कशी वापरायची हे कोण ठरवणार, असं विचारणारा आराखडा चालत नाही.

आता नव्या आराखड्याकडे. त्याची चौकट डिसेंबर २०२२च्या कुनमिंग-माँट्रियल करारातून आली आहे. जागतिक उद्दिष्टंही २३, आपलीही २३. धोके कमी करणं, शाश्वत वापरातून लोकांच्या गरजा भागवणं आणि अंमलबजावणीची साधनं असे त्याचे तीन भाग आहेत. कागद म्हणून तो वाईट नाही. कीटकनाशकांचा धोका, आक्रमक परकी प्रजाती, शहरातल्या हिरव्या जागा, घातक अनुदानं, सगळ्यांचा विचार त्यात आहे.

पण २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार या सगळ्याची शेवटची पायरी आहे ग्रामपंचायतीतली जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने लिहायची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद. कलम ४१ म्हणतं की त्या समितीच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने तिचा सल्ला घ्यायचा. आपल्या किती गावांत समितीला विचारून काही ठरलं आहे? तिने ‘नाही’ म्हटलं तर कुणाला थांबावं लागतं का? माझ्या मते २३ उद्दिष्टांची खरी परीक्षा हीच आहे.

तुमच्या गावात, तालुक्यात, शहरात काय दिसतं ते लिहा. अनुभव हवे आहेत.

---

रानभाजी

धागा काढल्याबद्दल आभार, सह्यकुशीताई. एक प्राथमिक प्रश्न. ‘३० टक्के’ असं सारखं वाचते. तीस टक्के देश अभयारण्य करणार आहेत का? तसं असेल तर लोक जातील कुठे?

---

सह्यकुशी

रानभाजी, नाही. जागतिक करारातलं तिसरं उद्दिष्ट म्हणतं की २०३०पर्यंत जमीन आणि समुद्र दोन्हींच्या किमान ३० टक्के भागाचं प्रभावी संवर्धन व्हावं. त्यात राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं येतात, पण ‘इतर प्रभावी क्षेत्रं’ अशीही एक सोय आहे. म्हणजे अधिकृत अभयारण्य नसूनही जिथे निसर्ग टिकून आहे अशा जागा: देवराया, सामूहिक वनहक्काची जंगलं, पाणथळी, अगदी एखाद्या संस्थेचं मोठं आवार.

भारताची राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं वगैरे मिळून देशाच्या भूभागाच्या साधारण पाच टक्के भरतात. तरी २०१८च्या अहवालात आपण २० टक्क्यांहून अधिक क्षेत्र संवर्धनाखाली असल्याचं करार सचिवालयाला कळवलं होतं, कारण त्यात राखीव जंगलं वगैरे धरली होती. आकडा गाठणं अवघड नाही. ‘प्रभावी’ या शब्दाला जागणं अवघड आहे.

---

माळरान

आकडा गाठणं अवघड नाही, याचं सगळ्यात ठळक उदाहरण आमच्या सोलापूरचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७९मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, बागायती, बाजारपेठा, सगळं अभयारण्यात. कागदावर देशातल्या मोठ्या अभयारण्यांपैकी एक. प्रत्यक्षात वनखात्याच्या ताब्यात नान्नजसारखे गवताचे तुकडे, बाकी खाजगी शेती. लोकांना जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत अडचणी आल्या आणि त्यांच्या मनात पक्ष्याबद्दल राग साठला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं. या सगळ्या वर्षांत माळढोक मात्र कमी कमी होत गेला. आज देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात.

का कमी झाला? उसाखाली माळ गेले, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. पण मुळाशी एक गोष्ट आहे. महसुली कागदांत माळाला नाव आहे ‘पडीक’. गवताळ प्रदेश हा स्वतंत्र, जिवंत अधिवास आहे हे सातबाऱ्याला माहीतच नाही. लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर, धाविक, चंडोल हे सगळे आमच्या ‘पडीक’ जमिनीवर राहतात. मेंढपाळ धनगर याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या जगतात. आणि जमीन पडीक म्हटली की तिथे सौरप्रकल्प, औद्योगिक वसाहत, नाहीतर झाडं.

हो, झाडंसुद्धा. राज्याने २०१६ ते २०१९मध्ये ५० कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं, शेवटच्या वर्षी एकट्या ३३ कोटींचं. त्यातले कितीतरी खड्डे चांगल्या गवताच्या माळावर खणले गेले आणि तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ लागली. गवत मोडून झाड लावणं म्हणजे तिथल्या जैवविविधतेचं नुकसानच आहे, पण अहवालात ते हरित क्षेत्र म्हणून जमा होतं. झाडं लावण्यासारख्या कामांना गुण देणाऱ्या २०२३च्या ग्रीन क्रेडिट नियमांतही तोच धोका आहे, कारण ‘अवनत’ जमिनीच्या व्याख्येत खुरटी झुडपं आणि माळ सहज बसतात.

राष्ट्रीय आराखड्यात ‘परिसंस्थांचं पुनरुज्जीवन’ असं उद्दिष्ट आहे. आमच्या भागात पुनरुज्जीवन म्हणजे काय, हे आधी ठरवा. पवन्या, कुसळी, मारवेल, डोंगरी गवत परत येणं म्हणजे पुनरुज्जीवन. माळावर जंगल उभं करणं म्हणजे नाही.

---

सडेवाला

माळरान, शब्दाशब्दाला सहमत. कोकणात तुमच्या माळाच्या जागी सडा, म्हणजे जांभ्याचं खडकाळ पठार, आहे आणि ‘पडीक’च्या जागी ‘पोटखराबा’. जांभ्याचा सडा आठ महिने काळा, उजाड दिसतो. पावसात त्याच्यावर कीटकभक्षी वनस्पती, गेंद, तऱ्हतऱ्हेची गवतं उगवतात, खळग्यांतल्या पाण्यात बेडूक आणि इवले मासे येतात. सड्यावर झिरपलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळतं. कासला २०१२मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला म्हणून तिथे तिकीट, नियम. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांना तसं काहीच नाही. तिथे चिऱ्याच्या खाणी आणि बाहेरून माती आणून केलेल्या हापूसच्या बागा वाढत चालल्यात.

---

घाटमाथा_शेतकरी

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमचं गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे. यादी २०१४पासून मसुद्यातच आहे. सहावा मसुदा जुलै २०२४च्या शेवटी आला. दहा वर्षं आम्हाला कुणी सांगू शकलेलं नाही की घराला मजला चढवता येईल का, गोठा बांधता येईल का, फणसाचं झाड विकता येईल का. (यातलं बरंचसं करता येतं असं नंतर वाचून कळलं, पण ते सांगायला एकही अधिकारी गावात आला नाही.) त्या पोकळीत खाणवाल्यांची माणसं येऊन सांगून गेली की तुमची शेतीच बंद होणार. लोकांनी ग्रामसभेत विरोधाचे ठराव केले.

शहरातल्या लोकांना आमचं जंगल वाचवायचं आहे, ठीक. आमच्या पोरांना नोकरी नाही, भाताला भाव नाही, गवे आणि माकडं पीक ठेवत नाहीत, नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याला खेटे घालावे लागतात. शाश्वत विकास म्हणताना त्यातला विकास आमच्या वाट्याला कधी येणार, हे आराखड्यात कुठल्या पानावर आहे?

---

सह्यकुशी

राग कसला, दादा. तुम्ही लिहिलंत तेच या धाग्याचं कारण आहे.

पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये मंत्रालयाला मिळाला. तो लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडला, तेही माहिती अधिकाराचा अर्ज आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लढाईनंतर. ज्या अहवालाचा आग्रह होता की सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरावेत, तोच अहवाल ग्रामसभांपासून लपवला गेला. मग एप्रिल २०१३मध्ये कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि गावांच्या याद्या केल्या. गावाला विचारणं दोन्ही वेळा राहिलं. तुमच्या गावाने केलेला विरोधाचा ठराव हा निसर्गाविरुद्धचा ठराव आहे असं मी मानत नाही. न विचारता लादण्याविरुद्धचा तो ठराव आहे.

वन्यप्राण्यांच्या नुकसानीबद्दल: नव्या आराखड्यात मानव-वन्यजीव संघर्षाचा विषय आहे. पण पंचनामा किती दिवसांत, भरपाई किती दिवसांत, हे ठरवणं राज्याच्या हातात आहे. त्यावर बोलल्याशिवाय संवर्धनाची चर्चा गावात करूच नये, या मताची मी आहे.

---

पंचायत_दप्तर

ग्रामविकासात नोकरी करून निवृत्त झालो आहे. नोंदवह्यांबद्दल लिहितो.

कायदा २००२चा, नियम २००४चे. २०१६पर्यंत देशात समित्या झाल्या होत्या काही हजार आणि नोंदवह्या त्याहून कितीतरी कमी. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात याचिका आली. लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. बघता बघता देशात अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या पूर्ण झाल्या.

हे कसं झालं ते आम्ही पाहिलं आहे. वरून रोज व्हॉट्सॲपवर विचारणा, किती झाल्या, किती राहिल्या. बाहेरच्या एजन्सीला काम दिलं गेलं. त्यांची मुलं गाडीतून यायची, ग्रामसेवकाकडून लोकसंख्या, पीकपाणी घ्यायची, वनस्पतींची यादी संगणकात तयारच असायची. शेजारशेजारच्या गावांच्या वह्यांत तीच झाडं, त्याच क्रमाने. एका वहीत तर समुद्री मासा होता आणि ते गाव समुद्रापासून दीडशे किलोमीटर दूर. सरपंचाने सही केली, शिक्का बसला, वही कपाटात गेली.

समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असा २००४चा नियम होता. नावं असायची. त्या बायकांपैकी कितीजणींना आपण सदस्य आहोत हे ठाऊक होतं, हे मी सांगू शकेन, पण सांगताना वाईट वाटतं.

तरीही वही निरुपयोगी आहे असं म्हणू नका. कायद्याने ती जिवंत कागद आहे, दुरुस्त करता येते. गावाने ठरवलं तर पुन्हा लिहिता येते. त्याला परवानगी लागत नाही.

---

रानभाजी

पंचायत_दप्तर काका, हे वाचून आमच्या ग्रामपंचायतीची वही बघायला मागणार आहे. बघायला मिळते ना?

---

पंचायत_दप्तर

हो, ग्रामपंचायतीचं दप्तर आहे ते. पारंपरिक औषधी ज्ञानाचा काही भाग गोपनीय ठेवता येतो आणि ठेवावाही. बाकी मागा. नाही म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज करा.

---

वनस्पती_शिक्षिका

गोपनीयतेचा विषय निघालाच आहे तर नरक्याबद्दल लिहिते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, साताऱ्याच्या घाटात वाढणारं हे साधं दिसणारं लहान झाड. त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं तयार होतात. मागणी परदेशातून. झाड मुळासकट तोडून, तुकडे करून नेलं जातं. तोडलेल्या मालाचे ट्रक पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तोडणाऱ्या मजुराच्या हाती किलोमागे काही रुपये पडतात आणि औषधाची किंमत आपल्याला माहीत आहे.

जैविक विविधता कायदा नेमका यासाठी होता. व्यापारी वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यायचा. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत उत्पादनाच्या विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के असा दर होता, आणि आलेल्या रकमेतला ९५ टक्के वाटा स्थानिक समितीकडे किंवा त्या ज्ञानाच्या धारकांकडे जाणं अपेक्षित होतं. देशी कंपन्या म्हणत होत्या की हे परदेशी कंपन्यांना लागू आहे, आम्हाला नाही. डिसेंबर २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीची ही भूमिका फेटाळली. निकाल स्पष्ट होता: संसाधन जपणाऱ्या समाजाचा हक्क कंपनी देशी की परदेशी यावर अवलंबून नाही.

त्यानंतर २०२३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एप्रिल २०२४पासून ती लागू आहे. ग्रंथांत लिहिलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना मोठ्या सवलती मिळाल्या आणि तुरुंगवासाची तरतूद गेली, दंड राहिला. वैद्यांना रोजच्या कामासाठी परवानग्यांच्या फेऱ्यांत अडकवू नये, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडचं किती औषधी ज्ञान कुठल्या ना कुठल्या ग्रंथात सापडतं याचा विचार करा. सवलतीचं दार फार रुंद उघडलं आहे. राष्ट्रीय आराखड्यातलं ‘लाभांचं न्याय्य वाटप’ आणि ही दुरुस्ती यांची तोंडं मला विरुद्ध दिशांना दिसतात.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उन्हात वाळवून बाळहिरडा विकतात. त्यांच्या हिरड्याचं पुढे काय होतं, कुठल्या औषधात जातो, त्यावर किती नफा होतो, हे त्यांना कळण्याचा एकही मार्ग आज नाही.

---

बांबूवन

गडचिरोलीकडून एक आशेची गोष्ट. सह्यकुशी यांनी विचारलं, समितीने ‘नाही’ म्हटलं तर कुणी थांबतं का. आमच्याकडे थांबावं लागलं आहे, पण ते जैवविविधता कायद्यामुळे नाही, वनहक्क कायद्यामुळे.

मेंढा-लेखा हे धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. २००९मध्ये त्यांना साधारण १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत. तरी बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना. खातं म्हणायचं बांबू झाड आहे, कायदा म्हणत होता गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकायचा माल. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, कुठल्या भागाला विश्रांती द्यायची हे ग्रामसभा ठरवते. निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांच्या संमतीने. त्याआधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो. मजुरीचे पैसे लोकांना, नफ्याचे ग्रामसभेला. जंगल विकून खाल्लं नाही, कारण ते परत त्यांनाच लागणार आहे.

हे आज महाराष्ट्रात एकट्या मेंढ्याचं नाही, सामूहिक वनहक्कांत गडचिरोली देशात पुढे आहे. पण याच जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणीही वाढत आहेत. म्हणून मला आराखड्यात एवढंच हवं होतं की वनहक्काची जंगलं ३० टक्क्यांत मोजायची असतील तर ग्रामसभेच्या लेखी संमतीनेच मोजा, आणि एकदा मोजली की तिथे खाण मंजूर करू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणार नाहीत.

---

थेम्सकाठ

लंडनजवळ राहतो, नगररचनेत काम करतो. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४पासून नियम आहे की बहुतेक नव्या बांधकामांनी त्या जागेची जैवविविधता आधीपेक्षा किमान १० टक्के वाढवून दाखवायची आणि ती ३० वर्षं टिकवायची. अधिवासाचं मूल्य मोजायचं एक ठरलेलं कोष्टक आहे. गवताळ जागेलाही त्यात स्वतंत्र गुण आहेत, हे माळरान यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे असं काही का नको?

---

माळरान

थेम्सकाठ, गवताला गुण देणारं कोष्टक मला आवडेल. भीती एवढीच की आपल्याकडे भरपाईची झाडं जिथे कापली तिथून शेकडो किलोमीटरवर लागतात. नान्नजचा माळ मोडला आणि दुसऱ्या जिल्ह्यात गुण मिळवले, तर इथला लांडगा तिकडे जाणार नाही. जागा बदलता येते हे एकदा मान्य केलं की प्रत्येक जागा बदलता येते.

---

थेम्सकाठ

रास्त आहे. इथेही तीच टीका होते. जागेवरच किंवा जवळात जवळ भरपाई केली तर गुण जास्त, लांब केली तर कमी, अशी रचना आहे, पण पूर्ण उत्तर तेही नाही. शिवाय कोष्टक अधिवास मोजतं, त्यात राहणारे प्राणी नाही.

---

टेकडीप्रेमी_पुणे

शहराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात समाविष्ट २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यान म्हणून राखीव झाली, सगळे तिला बीडीपी म्हणतात. त्यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे सह्या, हरकती, मोर्चे केले. २०१५मध्ये शासनाने जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क) देण्याचा निर्णय केला. मालकांना तो कमी वाटतो, त्यामुळे जागा ताब्यात येत नाहीत आणि मधल्या काळात उतारांवर बांधकामं वाढतात.

आराखड्यात शहरातल्या हिरव्या आणि निळ्या जागा वाढवायचं उद्दिष्ट आहे. वाढवणं राहू द्या, आहेत त्या टेकड्यांचे पैसे कोण देणार, एवढं जरी ठरलं तरी पुष्कळ. जमीनमालक हाही माणूस आहे, त्याच्याकडून फुकटात टेकडी मागणं मला पटत नाही. शहराने ती विकत घ्यायला हवी, मेट्रोसाठी जशी घेतो तशी.

---

खाजनकार

गोंयांतून नमस्कार. आमची खाजनं या चर्चेत यायला हवीत. खाडीकाठी बांध घालून, मानसीच्या दारांनी भरती-ओहोटीचं पाणी सोडत-अडवत तयार केलेली ही शेतं. पावसात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, पुढे मासळी. शेकडो वर्षं गांवकरीने, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थेने, बांध सांभाळले. हे निसर्गसंवर्धन आहे की शेती, या प्रश्नाला आमच्याकडे अर्थच नव्हता. आता बांध फुटला की लवकर दुरुस्त होत नाही, शेतात खारं पाणी भरतं, तिवरं वाढतात, आणि मग ते खारफुटी क्षेत्र होतं म्हणून शेतकऱ्याला तिथे परत भात लावता येत नाही. खारफुटी वाचली पाहिजेच, मी त्या बाजूचाच आहे. पण कायद्याला खाजन नावाची गोष्ट कळत नाही. माळाचं, सड्याचं आणि खाजनाचं दुखणं एकच आहे.

---

बीबियाणं

शेतातल्या जैवविविधतेवर थोडकं लिहिते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०चा पद्मश्री मिळाला आणि देशी बियाण्यांची बँक घराघरांत माहीत झाली. आनंद आहे. पण शेतकरी देशी वाण तेव्हाच लावतो जेव्हा तो विकला जातो. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अशी नावं ग्राहकाला माहीत झाली की भाव टिकतो. उलट रेशनवर फक्त गहू-तांदूळ मिळत राहिला तर वरई, नाचणी, वालाच्या जाती पेरणार कोण? जागतिक कराराच्या १८व्या उद्दिष्टात निसर्गाला घातक अनुदानं कमी करायची आहेत. आपल्याकडे युरियावरचं अनुदान त्यात येतं, पण एका दिवसात ते काढलं तर शेतकरी मरेल. तेच पैसे हळूहळू भरडधान्याच्या खरेदीकडे, खिल्लार-डांगी-देवणी गुरं सांभाळणाऱ्यांकडे, शेणखताकडे वळवता येतील का, हे कृषी खात्याने लिहायला हवं. पर्यावरण खात्याने लिहून काही होणार नाही.

---

घाटमाथा_शेतकरी

बांबूवन यांचा प्रतिसाद गावात दोघातिघांना वाचून दाखवला. विचारत होते, आमच्याकडे वनहक्काचा दावा करता येईल का. आमचं बहुतेक मालकी जंगल आहे, थोडं राखीव. आदिवासी नाही आम्ही.

---

बांबूवन

दादा, कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आहेत. त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि वनावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. राखीव जंगलात चराई, गौण वनोपज, पाणवठा, देवाची जागा असा सामूहिक वापर असेल तर ग्रामसभेची वनहक्क समिती दावा करू शकते. मालकी जंगलाला हे लागू होणार नाही. जुने निस्तार (जंगलाच्या रूढ वापराचे हक्क), चराईच्या नोंदी, वाजिब-उल-अर्जचे (गावच्या रूढ हक्कांच्या नोंदीचे) कागद असतील ते शोधून ठेवा. व्यक्तिगत संदेशात दाव्याचा नमुना पाठवतो.

---

सह्यकुशी

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझ्या मूळ लेखात गवताळ प्रदेशांचा आणि पैशांचा मुद्दा नव्हता, तो तुम्ही भरून काढलात.

एक ठोस गोष्ट सुचवते. दर वर्षी २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. राष्ट्रीय आराखड्याला गावात उतरायला आज तरी हाच जिना आहे. १५व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, उरलेला ४० टक्के गावाने आपल्या गरजेनुसार ठरवायचा होता. अशा मोकळ्या पैशात पाणवठ्याचा गाळ काढणं, देवराईची हद्द आखणं, रानमोडी-घाणेरी उपटणं, बियाण्यांची बँक, वही नव्याने लिहिणं, हे सगळं बसू शकतं. त्यासाठी ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभेत आणि महिलासभेत विषय यायला हवा, नाहीतर पेव्हर ब्लॉक आणि कमान यांतच रक्कम संपते.

आणि ठरावात जमिनीची खरी नावं लिहा. माळ, सडा, खाजन, पाणथळ, गायरान. ‘पडीक’ लिहू नका. पुढे कुठला प्रकल्प आला तर दाखवायला गावाकडे तारखेचा कागद राहील.

---

पंचायत_दप्तर

ठरावाबद्दल एक सूचना. गट क्रमांक आणि क्षेत्र घाला, नुसतं ‘देवीचा माळ’ लिहिलं तर उपयोग होत नाही. सोबत नकाशाची प्रत जोडा. ठरावाची प्रत पंचायत समिती, तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि नागपूरचं राज्य जैवविविधता मंडळ, चारही ठिकाणी पोच घेऊन द्या. कुणाला मसुदा हवा असेल तर दोन-तीन दिवसांत टंकून इथेच टाकतो.

---

रानभाजी

टाका, काका. आमच्याकडे महिलासभा पुढच्या आठवड्यात आहे. आणि वही बघायला मागितली होती, सरपंचताई म्हणाल्या सोमवारी या, कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे आहे.